विजूचं मत, आहे तसं

विजूच्या मुलाचा, सचिनचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीला बहिणीकडे होते. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. "बाई, आई गेली... मासे साफ करून उठली, चक्कर आली म्हणून खाली बसली, ती बसलीच. शेजारच्यांनी कळवलं, मी मुलुंडहून निघतोय," तो एका दमात बोलला. आणि मी काय म्हणावं? "अरे, पण आज बुधवार ना?" म्हटलं. बुधवारी विजूला मरायला सवड कुठली? दुपारी चारला आमचा श्रुतिकेचा भाग असायचा. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला ऐन वेळी सुचलेलं हे वाक्य. रिक्षाने दिंडोशीला पोचले तर तिच्या घराचं दार सताड उघडं, बाहेर चपलांचा ढीग, आणि ओट्यावर हळद-मीठ लावून ठेवलेले बांगडे तसेच. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, ह्यांचं काय करायचं हो?" त्यातले दोन माझे होते हे मला ठाऊक होतं.

विजया तावडे हे नाव वाचून कुणाला काही आठवण्याचं कारण नाही. गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसाची बायको, लालबागच्या चाळीतून आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत आलेली, माझी समोरच्या दारची शेजारीण, एवढीच तिची ओळख. पण मोबाइलवर दर बुधवारी येणारी 'पेडणेकरांकडे' ही घरगुती श्रुतिका जे ऐकतात, त्यांनी खालच्या प्रतिक्रियांत 'विजया तावडे, दिंडोशी' हे नाव पाहिलं असेल. एकाही भागाला तिची प्रतिक्रिया चुकली नाही. ती सगळी वाक्यं मी लिहायचे. मत तिचं आणि वाक्यं माझी, असा आमचा कारभार होता. फक्त एका भागाला मतसुद्धा तिचं नव्हतं. त्या एका भागाबद्दल लिहायला बसले आहे, कारण त्या मतात तिच्या सुनेसाठी एक निरोप होता. तो माझ्या हातात दिला होता, आणि मी तो नटवून-सजवून वाटेतच मारला. विजू गेली ती तो पोचला असं समजून गेली.

माझी एक खोड आहे, ती आधीच सांगते. मला दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. सोसायटीच्या फळ्यावरची सूचना, लग्नपत्रिका, भाजीवाल्याची पाटी, कुणाच्या दुखवट्याचा संदेश... सगळीकडे माझी लाल शाई. लोक मला 'बाई' म्हणतात ते आदराने, आणि माझ्यापासून चार हात लांब राहतात तेही त्याच कारणाने. विजू लांब राहिली नाही. ती राहायला आली त्याच आठवड्यात माझ्या दारात उभी राहून मालवणीत काहीतरी म्हणाली, मी सवयीने तिला 'शुद्ध' करून दिलं, तर कंबरेवर हात ठेवून म्हणते, "मी काय बोललंय ता तुका कळला मां? मग झाला." मी काय बोलले ते कळलं ना, मग झालं. वीस वर्षांत मला असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. तेव्हापासून ती मला 'मास्तरनी' म्हणायची आणि न विचारता घरात घुसायची. चहात साखर कमी झाली तर माझ्याच स्वयंपाकघरातला डबा काढून घालायची. तिच्या घरी मालवणी, बाजारात मुंबईचं मराठी आणि भांडताना दोन्ही. एरवी तिची गाडी मुंबईच्या मराठीवर असायची, पण राग आला किंवा मनाला लागलं की सरळ मालवणात उतरायची.

श्रुतिकेचं वेड माझ्यामुळे लागलं. तिचे यजमान गेले, मुलगा-सून वेगळे झाले, घरात ती एकटी. टीव्हीवरच्या मालिकांना ती 'साड्यांची दुकानं' म्हणायची. एकदा मी सहज 'पेडणेकरांकडे'चा एक भाग तिला ऐकवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजवून विचारते, "त्या नितीनचं पुढे काय झालं?" झालं, बसला कार्यक्रम. तिच्याकडे बटणांचा साधा फोन, त्यामुळे ऐकायचं ते माझ्या फोनवर, पण तिच्या स्वयंपाकघरात. फोन स्टीलच्या रिकाम्या टोपात उभा करायचा म्हणजे आवाज घुमतो, ही तिची युक्ती. नुसतं बसून ऐकणं तिला मंजूर नव्हतं. "हात मोकळे ठेवून ऐकायला मी काय आजारी आहे?" म्हणायची. मग कधी मेथी निवडायची, कधी लसूण, कधी तांदूळ, आणि मलाही ताटली द्यायची. भाग चांगला चालला असला की तिचा हात थांबायचा. कंटाळवाणा असला की मेथी पटापट संपायची. मी दोन्ही डोळे तिच्या हातांवर ठेवून ऐकायचे, मला ते श्रुतिकेपेक्षा जास्त कळायचं.

भाग संपला की ती मत द्यायची आणि "लिही" म्हणायची. ते मत म्हणजे शुद्ध फोडणी. एका भागात पेडणेकरांची माई सुरमई तळता तळता मुलाला उपदेश करते. विजू म्हणाली, "एवढ्या वेळात मासा करपून कोळसा झाला असता. आणि मासा उलटल्यावर तेलाचा आवाज परत यायला पाहिजे, तो आला नाही. हिने जन्मात मासा तळलेला नाही, लिही." मी घरी येऊन लिहिलं, 'ध्वनिसंयोजनात आणखी बारकावे अपेक्षित होते.' दुसऱ्या एका भागात नितीनची मैत्रीण ढसाढसा रडली. विजू म्हणाली, "खोटी रडते. नाक कुठे चोंदलंय तिचं?" मी लिहिलं, 'अभिनयात सहजता वाढल्यास परिणाम साधेल.' ती विचारायची, "सांगितलं तसं लिहिलंस ना?" मी म्हणायचे, "हो गं बाई, हो." मला वाटायचं, मी तिला चारचौघांत नीट उभी करते आहे. पदर सारखा करून देतो ना आपण एखादीचा, तसं. तिने कधी मला पदर सारखा करायला सांगितलं नव्हतं, हे मात्र खरं.

आता प्रणालीबद्दल सांगायला हवं. प्रणाली म्हणजे सचिनची बायको, विजूची सून. मुलुंडच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते, कमी बोलते, पण बघते सगळं. विजूचे यजमान आजारी पडले तेव्हा आठवडाभर ड्यूटी सांभाळून इस्पितळात त्यांच्या उशाशी तीच बसली. ज्या दुपारी ते गेले, नेमकी त्या दुपारी ती कामावर होती. तेराव्याला गावाहून माणसं आली होती, पंगत बसली होती, प्रणाली खिरीचं पातेलं घेऊन वाढायला वाकली. विजूने सगळ्यांसमोर तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाली, "तू नको वाढूस. जित्या माणसाला शेवटचं पाणी दिलं नाहीस, आता मेल्यावर कशाला?" पोरगी पांढरीफटक पडली. सचिन खाली मान घालून बसला. गावची माणसं पानातच बघत राहिली. आणि मी... मी दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी वाट्या घेऊन उभी होते. आठवडाभर ही पोर कशी राबली ते माझ्याइतकं कुणी बघितलं नव्हतं, कारण तिचा डबा मीच भरून द्यायचे. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. जगाच्या चुका काढणारी मी, त्या दिवशी वाट्या वाढत पुढे गेले. महिन्याभरात सचिन आणि प्रणाली मुलुंडला राहायला गेले. त्यानंतर चार वर्षं सचिन एकटाच यायचा, रविवारी, पिशवीत फळं घेऊन.

विजू त्या प्रसंगाबद्दल कधीच बोलली नाही. पण सचिन एका रविवारी सहज बोलून गेला की प्रणालीही 'पेडणेकरांकडे' ऐकते, बसमध्ये, कामावर जाता-येता, आणि खालच्या प्रतिक्रियाही वाचत असते. विजूने चहा गाळता गाळता विचारलं, "खालचं पण वाचते?" "सगळं वाचते," तो म्हणाला. विजू "बरं" म्हणाली आणि त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली. मी तिथेच बसले होते. माझ्या काही डोक्यात शिरलं नाही.

मग तो भाग आला. पेडणेकरांच्या माईला अर्धांगाचा झटका येतो. जिला तिने वर्षानुवर्षं टोचून खाल्लं, ती थोरली सून शुभदा तिला चमच्याने पेज भरवते आहे. पाठीमागे बासरी. आणि माई कापऱ्या आवाजात म्हणते, मला माफ कर गं पोरी, मी फार छळलं तुला. शुभदा रडत रडत म्हणते, असं बोलू नका माई, तुम्ही माझी आईच आहात. भाग संपतो. मी खरं सांगते, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. विजूकडे बघितलं तर हातात अर्धी सोललेली लसणाची पाकळी, आणि चेहरा कुणी थोबाडीत दिल्यासारखा. "बंद कर ती पिपाणी," ती म्हणाली. उठून हात धुतले, गाऊनला पुसले आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "लिही."

"घरी जाऊन लिहिते की नेहमीसारखं," मी म्हटलं.

"मग आधी पाठ करून दाखव."

आयुष्यभर मी पोरांकडून पाठांतर करून घेतलं, माझ्याकडून कुणी घेतलं नव्हतं. तिने घेतलं. एकेक वाक्य सांगायची, माझ्याकडून म्हणवून घ्यायची, चुकलं की "नाय, परत" म्हणायची. दोन वेळा सगळं म्हणून घेतलं. म्हणून आज मी ते शब्दाला शब्द इथे देऊ शकते. ती म्हणाली, "ही माफी नव्हे. माणूस अंथरुणाला खिळला की त्याला माफी सुचते, कारण आता त्याला भरवणारा हात पाहिजे असतो. समोरची बिचारी नाही कशी म्हणणार? तिला कोपऱ्यात धरलंय तुम्ही. समोरच्याला नाही म्हणायला जागा पाहिजे. सुनेनं तोंड फिरवून निघून जायला पाहिजे होतं. गेली असती तर मी तिला शाबास म्हटलं असतं. ज्या चार माणसांत बोललीस, त्याच चार माणसांत माफी मागायची. आणि पाय चालतत तवसर मागूक व्हयी." पाय चालतात तोवर मागायला हवी.

मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली. "हे सगळ्यांना दिसतं ना गो? मुलुंडला पण?"

"मुलुंडला काय, लंडनलाही दिसतं," मी हसून म्हटलं. ती हसली नाही. "मग लिही जाऊन," म्हणाली.

घरी येऊन मी फोन उघडला. खाली प्रतिक्रियांचा नुसता पूर आला होता. डोळे पाणावले, ऊर भरून आला, आईची आठवण झाली... त्यात मी विजूचं मत टाकायचं? सून निघून जायला हवी होती? आमच्या वसाहतीतल्या निम्म्या बायका ही श्रुतिका ऐकतात, आणि तेराव्याची गोष्ट त्यांतल्या सगळ्यांना माहीत. 'बघा कोण बोलतंय' असं म्हणायला त्या मोकळ्याच. आपल्या मैत्रिणीची शोभा होऊ नये, असं मी स्वतःला सांगितलं. आणि हे निम्मं खरंही आहे. उरलेलं निम्मं मला तिच्या जाण्यानंतर कळलं. 'ज्या चार माणसांत' म्हणाली ना ती, त्या चार माणसांत मी होते. ते वाक्य माझ्या हाताने मला लिहवेना. तेव्हा मी लिहिलं ते असं: 'आजचा भाग हृदयस्पर्शी. माईंचा पश्चात्ताप आणि सुनेचा क्षमाशील मोठेपणा पाहून डोळे पाणावले. प्रत्येक घरात अशी सून असावी. विजया तावडे, दिंडोशी.' एकही चूक नाही. विरामचिन्हंसुद्धा जागच्या जागी.

पुढच्या बुधवारी मी आत पाऊल टाकायच्या आत तिने विचारलं, "खाली कुणाचं काही आलं?" मी म्हटलं, बदामाची लाल चिन्हं पुष्कळ आलीत, आणि श्रुतिकेवाल्यांनी लिहिलंय, विजयाताई, तुमच्या सुंदर शब्दांनी हुरूप आला. विजू बघतच राहिली. "सुंदर? मी त्यांना धुतलं नि ते सुंदर म्हणतात? येडे आहेत काय?" मी म्हटलं, मोठ्या मनाची माणसं असतात अशी. "आणि बाकी कुणाचं?" "बाकी कुणाचं नाही." "बस्स?" ती म्हणाली. त्यानंतर प्रत्येक बुधवारी हेच. नव्या भागाचं मत नंतर, आधी त्या जुन्या भागाखाली काही आलं का ते बघ. मी दर वेळी बघायचे, दर वेळी नाही म्हणायचे, आणि दर वेळी तिचा हात लसणाकडे वळायचा. मला एकदाही वाटू नये की ही कुणाची वाट बघते आहे? एकदा मी तिला म्हटलंही, "अगं, एवढा सुनेचा पुळका येतोय तर जा की एकदा मुलुंडला. गोरेगावहून थेट बस आहे." ती म्हणाली, "तिच्या मनात नसताना मी दारात जाऊन उभी राहिले तर ती काय करेल? आत घेईल, पाणी देईल, नमस्कार करेल. ते पण कोपऱ्यात धरणंच ना." मला वाटलं, झालं हिचं सुरू, अडेलतट्टू बाई. दोनेक महिन्यांनी एक दिवस लसूण सोलता सोलता स्वतःशीच म्हणाली, "नाय पटला वाटता तिका." मी विचारलं, "कुणाला गं?" "कुणाला नाही. तू सोल." त्यानंतर तिने त्या भागाबद्दल विचारायचं सोडून दिलं. मला, खरं सांगू, सुटल्यासारखं वाटलं.

आणि मग तो बुधवार, आणि ते बांगडे.

प्रणाली आली. पहिल्या दिवसापासून तेराव्यापर्यंत होती. आल्यागेल्याचं बघितलं, सचिनला सांभाळलं, गावच्या माणसांची अंथरुणं घातली. तेराव्याला खिरीचं पातेलं तिनेच उचललं. चार वर्षांपूर्वीची बरीच माणसं त्याच पंगतीत बसली होती, कुणी काही बोललं नाही, ती पानापानाशी वाकत गेली. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, अजून थोडी?" मी वाटी पुढे केली, पण ती पानाशी तशीच भरलेली राहिली.

महिन्याभराने दोघं घर आवरायला आले. सचिन सामानाचा टेम्पो बघायला खाली गेला होता. प्रणाली भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि मी तिला कागद फाडून देत होते. बोलता बोलता म्हणाली, "तुम्ही दोघी 'पेडणेकरांकडे' ऐकायचात ना? मीपण ऐकायचे. सोडलं मग." मी विचारलं, का गं? "आईंची प्रतिक्रिया वाचली एकदा. बसमध्ये होते. चार वर्षांत त्यांचा एक शब्द नव्हता माझ्यासाठी, आणि आला तो असा... प्रत्येक घरात अशी सून असावी. म्हटलं, म्हणजे अजून माझंच चुकलेलं आहे. अजून मीच मोठेपणा दाखवायचा. फोन बंद केला आणि परत ते कधी उघडलंच नाही." ती हे शांतपणे बोलली, हातातलं भांडं गुंडाळत. त्या क्षणी सगळं एकदम उलगडलं... 'खालचं पण वाचते?', 'मुलुंडला पण?', 'बस्स?'. त्या बाईने नाही म्हणायला जागा राहील अशा बेताने, चारचौघांत, आपल्या पायांवर उभं राहून माफी मागितली होती. आणि मी ती काढून तिथे सुविचार लिहिला होता.

मी तिला सांगितलं. ते वाक्य माझं आहे, विजूचं नाही, ती भलतंच म्हणाली होती. प्रणालीचा हात गुंडाळता गुंडाळता थांबला. मग म्हणाली, "काय म्हणाल्या होत्या?"

"त्याचा मथितार्थ असा की..."

"मथितार्थ नको, बाई. त्या बोलल्या तसं सांगा."

मी उभी राहून म्हणून दाखवलं. पहिल्या वाक्यापासून मालवणीतल्या शेवटच्या वाक्यापर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. प्रणालीने भांडं खाली ठेवलं. "सुनेनं निघून जायला पाहिजे होतं, असं म्हणाल्या?" "हो." "शाबास म्हटलं असतं म्हणाल्या?" "हो गं." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यातच ती जराशी हसली. मी विचारलं, "माफ केलं असतंस तिला?" तिने खाली ठेवलेल्या भांड्यावरचा कागद सारखा केला. मग म्हणाली, "नाही. ते तेरावं मी नाही विसरणार. पण आले असते, बाई. सुट्टी टाकून आले असते, ह्या इथे खाली बसून त्यांच्या तोंडावर सांगितलं असतं, की नाही करत माफ. त्या शाबास म्हणाल्या असत्या. मग जेवून गेले असते."

मला रडू आवरेना. विजूसाठी, ह्या पोरीसाठी, आणि त्या जेवणासाठी, जे माझ्या एका सुबक वाक्याने दोघींच्या पुढ्यातून काढून घेतलं. मी म्हटलं, प्रणाली, तेराव्याला मी तिथे उभी होते आणि बोलले नाही, आणि नंतर हे असं केलं. मी तुझी माफी मागते. तिने डोळे पुसले, पुन्हा कागद हातात घेतला आणि अगदी सौम्यपणे म्हणाली, "इथे नको, बाई. इथे आपण दोघीच आहोत."

म्हणून हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिलं. तुझं नाव घालू का, असं तिला विचारलं होतं, घाला म्हणाली. प्रणाली, तुझ्या सासूचं मत वर दिलं आहे, आहे तसं. पंगतीत तुझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले. तिने ते परत तुझ्या हातात द्यायला पाठवलं, ते मी मध्येच ठेवून घेतलं. दोन्ही वेळा मी चुकले, आणि हे मी सगळ्यांसमोर म्हणते आहे. मला माफ केलंस असं तू म्हणायची काही गरज नाही. तोंड फिरवलंस तर मी तुला शाबास म्हणेन.